सहा मेहुण्यांचे पिस्तूल

माधवराव वकील पिस्तुलाला रवा चारीत असत.

हे वाक्य अलंकारिक नाही. शनिवारी कोर्ट सुटले की ते भोरच्या पेठेतल्या वाण्याकडे जात, पिशवीतून स्वतःची पितळी चाळणी काढीत, बारीक रवा तिच्यातून गाळून घेत आणि वर राहिलेला जाड रवा वाण्याला परत करीत. पहिल्या वर्षी वाणी भांडला. दुसऱ्या वर्षी तो नमला आणि म्हणाला, "वकीलसाहेब, एवढा निवडून नेता. घरी शिरा होतो का उपमा?"

"पिस्तूल," असे म्हणून वकिलांनी चाळणी पुसली व पिशवीत ठेवली.

वाण्याने पुन्हा विचारले नाही. वकिलांना पुन्हा काही विचारण्याची इच्छा सहसा कोणाला होत नसे.

मी त्या वेळी भोरच्या कोर्टात शिरस्तेदार होतो. वकिलांचे आणि माझे घर एका भिंतीचे. त्यांची वकिली बेताची होती, कारण त्यांना घाई नव्हती. "घाई नाही, तारीख घेऊ," हे त्यांचे वाक्य. ते पक्षकाराला म्हणत, न्यायाधीशाला म्हणत आणि दाढ दुखू लागली तर दाढेलाही म्हणत. उंच, कृश माणूस; काळा कोट; खिशात नेहमी एक कानस. अशा माणसाला पिस्तूल कशाला हवे होते, ते आधी सांगितले पाहिजे. चोर, वाघ किंवा शत्रू यांच्याशी त्याचा संबंध नव्हता. वकिलांना आयुष्यात एकच वस्तू मारायची होती आणि ती वस्तू म्हणजे नारळ.

तो नारळ पासलीत टांगला जाई. पासली हे वेल्ह्याच्या पलीकडे डोंगरात असलेले भातशेतीचे गाव आणि वकिलांची सासुरवाडी. तिथली रीत अशी, की दसऱ्याला सीमोल्लंघन करून मंडळी परतली म्हणजे देवळासमोरच्या आंब्याला सुतळीने एक नारळ बांधायचा. रानडुकरांपासून पीक राखण्यासाठी ज्यांच्याकडे परवान्याच्या बंदुका असत, त्यांनी एका रेघेवरून एकेक बार काढायचा. ज्याच्या गोळीने नारळ फुटेल त्याच्या हातून गाव पहिले सोने घेई. वकिलांच्या पत्नीला, सगुणावहिनींना, सहा भाऊ होते. नारळ कधी या भावाकडे जाई, कधी त्या भावाकडे. जावयाने नारळ फोडल्याचे पासलीच्या आठवणीत नव्हते.

लग्नानंतरच्या पहिल्याच दसऱ्याला मेहुण्यांनी मानाने जावयाच्या हातात बंदूक दिली. गोळी कुठे गेली ते कोणालाच समजले नाही. थोरले मेहुणे गणपतराव अतिशय नम्रपणे म्हणाले, "दाजी, तुमी आपलं कागुद फाडावं. हे आमी बगतो."

वकील हसले नाहीत आणि रागावलेही नाहीत. मात्र ते वाक्य त्यांनी जपून ठेवले. वडील संस्थानच्या नोकरीत असल्यामुळे घराण्यात हत्याराचा परवाना चालत आला होता. पानशेतचे धरण फुटून पुण्यात पूर येऊन गेला, त्याच्या पुढच्या हिवाळ्यात ते मला म्हणाले, "शिरस्तेदार, उद्या सुट्टी आहे. पुण्याला चला. पंच म्हणून."

पुण्यातल्या जुन्या हत्यारांच्या दुकानदाराने तीन पिस्तुले मांडली. तिन्ही ठासणीची, सहाबारी. आजच्या वाचकासाठी एवढे सांगतो, की या हत्यारात काडतूस जात नाही. सहा घरांचे एक चक्र असते. प्रत्येक घरात काळी दारू ओतायची, तिच्यावर शिशाची गोळी दाबून बसवायची आणि मागच्या बाजूला तांब्याची टोपी चढवायची. घोडा टोपीवर आपटला की ठिणगी आत जाते व बार होतो. चक्र फिरते आणि पुढचे घर नळीसमोर येते. इंग्रजांनी असली हत्यारे केव्हाच मोडीत काढली होती.

पहिले पिस्तूल अस्सल विलायती, हस्तिदंती मुठीचे. दुसरे चांदीच्या वेलबुट्टीचे. तिसरे कोणत्याशा उत्तरेकडच्या संस्थानच्या कारखान्यात विलायती नमुना पाहून केलेली नक्कल. मूठ साध्या शिसवीची, अंगावर नाव नाही.

वकिलांनी खिशातून बांबूची एक तासलेली काडी, दोरा आणि आरसा काढला. आरशाने उजेड नळीत पाडून ते एका डोळ्याने पाहू लागले. मग प्रत्येक घर नळीसमोर आणून काडी नळीतून आत सोडू लागले. घर आणि नळी एका रेषेत असतील तर काडी सरळ आत जाते. नसतील तर काठावर अडते. विलायती पिस्तुलाच्या दोन घरांना काडी अडली. चांदीच्या पिस्तुलाच्या घोड्याची कमान, म्हणजे स्प्रिंग, इतकी कडक होती, की घोडा ओढताना त्यांचा हात थरथरला. "हे पिस्तूल नव्हे, रहाट आहे," असे म्हणून त्यांनी ते बाजूला ठेवले. नंतर ते तिन्ही घोडे आळीपाळीने कानाशी नेऊन ओढू लागले आणि चक्र जागेवर बसल्याची टिचकी ऐकू लागले. दुपार झाली.

दुकानदार म्हणाला, "वकीलसाहेब, विकत घ्यायचंय का उलटतपासणी घ्यायचीय?"

"आधी दुसरं. मग पहिलं."

"मग हे विलायती घ्या. मोठ्या घराण्यातलं आहे."

"पुरात बुडालं होतं. आतून गंजानं खाल्लंय." वकिलांनी आरसा त्याच्यापुढे धरला. "ह्या नकलेच्या सहाही घरांत काडी जाते. मला वंशावळ नको, वागणूक हवी."

दुकानदाराने माझ्याकडे पाहिले. मी घड्याळाकडे पाहिले. नक्कल आमच्याबरोबर भोरला आली.

त्यानंतर वकिलांच्या अशिलांचे दिवस फिरले. सकाळी कोणी दावा घेऊन आला तर वकील ओसरीवर पिस्तुलाचे तुकडे पंच्यावर मांडून बसलेले असत. कमान दगडावर घासून त्यांनी ती मऊ केली. इतकी, की एकदा जास्त मऊ होऊन टोप्या फुटेनात, तेव्हा पुण्याहून दुसरी आणली. चापाचा खाचा त्यांनी सहाणेवर उजळला. टोपीला फुटल्यावर तुकडे होऊन आत पडायची व चक्र अडवायची खोड होती. त्यावर उपाय म्हणून प्रत्येक टोपी ते चिमटीत दाबून थोडी लांबट करीत. एखादी टोपी फुटली नाही तर म्हणत, "साक्षीदार गप्प राहिला." फुटली पण बार उशिरा झाला तर म्हणत, "पढवलेला आहे."

पिस्तूल नेमापेक्षा वर मारी. नळीच्या टोकावर नेमासाठी एक लहान मणी असतो, त्याला माशी म्हणतात. ती उंच केली की गोळी खाली येते. वकिलांनी उंच माशी पितळेची केली. ते पितळ कोठून आले, याचा शोध सगुणावहिनींना संध्याकाळी दिवा लावताना लागला. देवघरातल्या समईच्या पाच तोंडांपैकी एक कापलेले होते.

"देवाची एक वात कमी केलीसा व्हय?" भिंतीपलीकडून मला त्यांचा आवाज स्पष्ट ऐकू आला. "देव काय म्हणंल?"

"देवाला नोटीस दिली होती. मुदतीत हरकत आली नाही."

वहिनी यावर मोठ्याने हसल्या. त्यांचे सगळेच मोठ्याने असे.

सराव नीरेच्या काठी, दरडीच्या पायथ्याशी चाले. लक्ष्य म्हणून वकील शेणाची गोवरी उभी करून तिच्यावर चुन्याचा ठिपका देत. गोवरीत शिसे अडकून राही, ते काढून पुन्हा गोळ्या ओतता येत. आणि फुटकी गोवरी वहिनी पाणी तापवायच्या बंबात घालीत. काहीच वाया जात नव्हते, माझी रविवारची सकाळ सोडून.

गोळी बसवल्यावर तिच्या तोंडाशी वंगण भरावे लागते; न भरल्यास एका घराची आग शेजारच्या घरात शिरते. वकिलांनी तूप भरून पाहिले; ते उन्हात वाहून गेले. खोबरेल टिकले नाही. एका रविवारी त्यांनी लोणी भरले. चाप एकदा ओढला आणि तीन बार एकदम झाले. एक गोळी गोवरीत गेली, एक नदीत, आणि एक मी मागे रोवून ठेवलेल्या छत्रीत; ती गोळी दगडावरून कशी उलटली हे मला आजही समजलेले नाही.

धूर ओसरल्यावर वकील चक्राकडे बघत म्हणाले, "तीन मेहुणे एकदम बोलले. शिस्त नाही."

कारण चक्राच्या घरांना त्यांनी मेहुण्यांची नावे दिली होती. कारखाना कितीही चांगला असला तरी सहा घरे सारखी निघत नाहीत. प्रत्येकाचा स्वभाव वेगळा. पहिले घर गणपतरावांचे: गोळी हमखास वर. तिसऱ्यात दारू सर्द होई. पाचवे डावीकडे मारी. सहावे घर धाकटे मेहुणे सर्जेराव यांचे. ते सांगितल्या जागी जाई. पासलीत बार एकच काढायचा असे, पण तो कोणत्या घरातून काढायचा हे ठरवण्यासाठी वकिलांनी सहाही घरांचे जाबजबाब महिनोन्महिने घेतले.

वंगणासाठी शेवटी मेण आणि एरंडेल ठरले. दारू ते सोनाराच्या तराजूत गुंजांनी तोलीत. पुष्कळ प्रयोगांनंतर निकाल लागला, की या पिस्तुलाला दहा गुंजा दारू मानवते. पण दहा गुंजांनी घर भरत नाही. गोळी खोल बसते आणि वाकडी सुटते. म्हणून दारू व गोळी यांच्यामधली जागा रव्याने भरायची. पिस्तुलाला रवा चारायचा तो एवढ्यासाठी. दहा गुंजा, वर रवा, सहावे घर; अशा भरणीने गोळी चुन्याच्या ठिपक्यात जाई. पुन्हा भरली, पुन्हा तिथेच. मी पंच होतो आणि मी ते पाहिले आहे. पासलीच्या रेघेइतक्याच अंतरावरून वकील त्या काळात गोवरी चुकले नाहीत.

आणि पासलीत दर वर्षी चुकत राहिले.

दसऱ्याला आम्ही तिघे एसटीने निघत असू. कापूरहोळला गाडी बदलायची, वेल्ह्याला उतरायचे आणि पुढे मेहुण्यांनी पाठवलेल्या बैलगाडीतून डोंगर चढायचा. पिस्तुलाची लाकडी पेटी वकिलांच्या मांडीवर असे. एकदा कंडक्टरने पेटीवर बोट वाजवून विचारले, "ह्यात काय हाय, सायेब?"

"सहा मेहुणे."

"मंग लगेज पडंल," कंडक्टर म्हणाला आणि त्याने तिकीट फाडले. वकिलांनी ते मुकाट्याने घेतले. मुद्दा त्यांना मान्य होता.

पासलीत जेवण झाले की मेहुणे पेटीभोवती जमत. घरांना आपली नावे दिली आहेत ही बातमी वहिनींनीच माहेरी पोचवली होती.

"दाजी, माजं घर कंचं?"

"तिसरं. सर्द होतं."

"खरंच हाय," बाकीचे म्हणत. "ह्यो आळशीच."

मग रेघ आखली जाई. सहा भावांत मिळून तीन बंदुका; त्या आळीपाळीने भरून सहाही जण बार काढीत. त्या लांबलचक नळ्यांत मूठमूठ दारू जाई. आवाज डोंगरावर आपटून परत येई. देवळाच्या पायऱ्यांवर बायका सोन्याचे, म्हणजे आपट्याच्या पानांचे, ढीग घेऊन बसलेल्या असत. वहिनी सर्वांत खालच्या पायरीवर. प्रत्येक बाराला त्या मान वर करीत, कोणाचा ते पाहत आणि काहीतरी शेरा मारीत. सर्वांत शेवटी जावई; नारळ आधीच फुटला असला तर त्याच्यासाठी दुसरा बांधीत. वकील रेघेवर उभे राहून भरणी करीत, एक हात पाठीशी घेऊन उभे राहत आणि चाप ओढीत. मोठा बार होई, पिस्तूल कपाळापर्यंत उडे आणि गोळी आंब्याच्या शेंड्यातून चार पाने घेऊन निघून जाई.

"दाजी, नारळ हाय तसाच हाय," सर्जेराव सांगत. "वाऱ्यानं हलतुया निस्ता."

"घाई नाही. तारीख घेऊ."

"तारखा कोडतात घ्या. हितं नेम घ्या."

गाव हसे. वकील पिस्तूल पुसून पेटीत ठेवीत. असे पुष्कळ दसरे गेले. गणपतरावांचे केस पांढरे झाले, वकिलांचे गेले. जावयाचा बार हा त्या दिवसाचा शेवटचा विनोद म्हणून गावाने मान्य केला.

मला तो मान्य नव्हता. ज्या हाताने गोवरी चुकत नाही त्याने नारळ का चुकावा, याचा मी विचार करीत होतो. एका वर्षी मी रेघेजवळ उभा राहिलो आणि नेमाकडे न पाहता भरणीकडे पाहिले. वकिलांनी खिशातून कागदाची पुडी काढून घरात ओतली. गोळीपुरती जागा सोडून घर काठापर्यंत भरले. रवा घातलाच नाही. त्याला जागा नव्हती.

वहिनी दसऱ्यानंतर आठवडाभर माहेरी राहत, त्यामुळे परतताना आम्ही दोघेच असू. कापूरहोळला भोरच्या गाडीला वेळ होता. हॉटेलच्या बाकावर चहा पुढे आल्यावर मी विचारले, "ती पुडी किती गुंजांची होती?"

"सोळा."

"गोवरीला दहा आणि नारळाला सोळा? कारण?"

त्यांनी चहा बशीत ओतला, निववला आणि प्यायला. मग म्हणाले, "हिला ऐकू येत नाही."

मला प्रथम समजले नाही. "कोणाला?"

"तुमच्या वहिनींना. बरीच वर्षं झाली. कमी कमी होत चाललंय. पुण्याच्या डॉक्टरांना दाखवलं. ओठ पाहून बोलते, म्हणून कळत नाही कुणाला. माहेरी कळू द्यायचं नाही, ही तिची अट. सहा भावांची एकुलती बहीण. त्यांनी कीव केलेली तिला चालायची नाही."

भिंत एक असून मला हे समजले नव्हते. वहिनी मोठ्याने बोलतात आणि आपले वाक्य संपण्याआधी उत्तर देतात, तो मी माहेरचा स्वभाव समजत होतो.

"ह्यांच्या बंदुका मोठ्या," वकील पुढे सांगू लागले. "त्यांचे बार तिला ऐकू येतात. पिस्तूल नेलं त्या पहिल्या वर्षी मी दहाच घातल्या होत्या. माशी तेव्हा नीट बसली नव्हती, चुकलो, ते असो. पण मी उडवून, पुसून, पेटीत ठेवलं, तरी ही पायरीवरून माझ्याकडे बघतच होती. मी कधी उडवतो म्हणून." त्यांनी बशी खाली ठेवली. "सहा भावांचे बार ऐकू येतात आणि नवऱ्याचा येत नाही. हे मला मान्य नाही, शिरस्तेदार."

"म्हणून सोळा."

"सोळाला मान वर करते. काहीतरी बोलते, मग सगळ्या बायका हसतात. काय बोलते ते मला अजून माहीत नाही. माझ्यावरच असणार."

"सोळाला नेम खाली धरता येत नाही?"

"उधळतं ते. एकदा वर, एकदा डावीकडे. नेम कशावर धरायचा?" गाडी आली होती, त्यांनी पेटी उचलली. "दहाला नारळ पडतो. सोळाला बार तिला ऐकू येतो. दोन्ही अर्ज एकदम मंजूर होत नाहीत."

मी चहाचे पैसे दिले आणि त्यांच्यामागोमाग गाडीत चढलो.

पुढचे तीन-चार दसरे तसेच गेले. मी गावाबरोबर हसत नसे, एवढाच फरक. नदीकाठी सराव मात्र नियमाने चाले. दहा गुंजा, रवा, सहावे घर, ठिपका. गोवरीला बिचारीला आशा नव्हती. त्यांना नारळ हवा होता, हे त्या सरावावरून स्पष्ट दिसे. नको असता तर त्यांनी माशी इतकी वर्षे घासली नसती.

मी कोर्टातून निवृत्त झालो त्या वर्षी पाऊस लांबला होता. दसऱ्याला पासलीची भाते अजून हिरवी होती. ऊन मात्र स्वच्छ पडले होते. जेवणे झाली, पेटी उघडली गेली, मेहुण्यांनी आपापल्या घरांची चौकशी केली. गणपतराव आता काठी घेऊन चालत, पण पहिला बार त्यांचाच. रेघेवर त्यांना दोघांनी धरून उभे केले.

त्यांचा बार झाला. डोंगराने तो परत दिला. देवळावरची कबुतरे उडाली.

वहिनी खालच्या पायरीवर आपट्याची पाने जुळवीत होत्या. मान वर झाली नाही.

दुसरा भाऊ. तिसरा. मी आंब्याकडे पाहत नव्हतो. चौथ्या बाराला नारळाची शेंडी उडाली आणि लोक ओरडले. पण नारळ राहिला. वहिनी एक पान उन्हात धरून किडले आहे का ते पाहत होत्या. जवळ बसलेल्या भावजयीने काही विचारले. वहिनींनी तिच्या तोंडाकडे पाहून उत्तर दिले आणि पुन्हा पाने हातात घेतली. पाचवा बार झाला. सर्जेरावांचा सहावाही झाला.

वकील माझ्या शेजारी उभे होते. तेही आंब्याकडे पाहत नव्हते.

"दाजी, या," सर्जेरावांनी हाक मारली. "आंब्याची पानं वाट बगत्यात."

वकील रेघेवर गेले. कोटाच्या खिशातून त्यांनी पुडी काढली. ती एक नव्हती, दोन होत्या. एक जाड, एक बारीक. दोन्ही तळहातावर घेऊन ते देवळाच्या पायऱ्यांकडे पाहत राहिले. इतका वेळ, की मागे कोणीतरी खाकरले. मग जाड पुडी त्यांनी परत खिशात ठेवली.

भरणी झाली. घोडा मागे गेला. एक हात पाठीशी.

बार लहान झाला. कोरडा, काठी मोडल्यासारखा. डोंगरापर्यंत तो पोचलाही नसेल. नारळाची दोन शकले झाली. एक सुतळीला लोंबत राहिले, दुसरे पाणी सांडत खाली पडले.

मग सगळ्यांनी वकिलांना वेढले. सर्जेरावांनी त्यांना उचलायचा प्रयत्न केला. गणपतराव काठी आपटीत पुढे आले आणि विचारू लागले, "कुनाच्या घरातनं गेली? दाजी, खरं सांगा. माज्या का न्हाई?"

"सर्जाच्या," कोणीतरी म्हणाले.

"मंग मान सर्जाचा व्हतो."

"घर सर्जाचं, पर दारू दाजींची."

"आन् बोट कुनाचं?"

वाद रंगला. पासलीला असा वाद पुन्हा मिळणार नव्हता. ज्यांच्याबद्दल तो चालला होता ते वकील मात्र त्या घोळक्यातून केव्हा बाहेर पडले, हे माझ्याखेरीज कोणी पाहिले नाही. त्यांनी पिस्तूल माझ्या हातात दिले. इतक्या वर्षांत ते त्यांनी न पुसता कोणाच्या हातात दिले नव्हते. आंब्याखाली पडलेले शकल उचलले, त्याला लागलेली माती धोतराच्या सोग्याने पुसली आणि ते पायऱ्यांकडे चालू लागले.

बायका एकेक करून उठल्या, तेव्हा वहिनींनी वर पाहिले. वकील समोर येऊन उभे राहिले आणि त्यांनी शकल वहिनींच्या ओटीत, पानांवर ठेवले. वहिनींनी ते उलटेसुलटे करून पाहिले. त्यांना आनंद झाला होता. तो स्पष्ट दिसत होता आणि माझ्याने तो पाहवला नाही.

"अवं, तुमचा झाला?" त्या म्हणाल्या. "कवा?"

"आत्ताच," वकील म्हणाले.

सूर्य त्यांच्या पाठीशी होता आणि चेहरा सावलीत. वहिनी अजून विचारल्यासारख्या त्यांच्याकडे पाहत होत्या. मग वकील पायरीला वळसा घालून दुसऱ्या बाजूला गेले, ऊन तोंडावर घेऊन उभे राहिले आणि सावकाश पुन्हा म्हणाले, "आत्ताच."